आश्रित कोण?

बेने इस्रायलांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक कोकण किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची, दुसरी टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांची. समारोपाचे वाक्यही ठरलेले: 'आपण त्यांना आश्रय दिला.' प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे तो या वाक्याला.

टिपूच्या आईने दिवेकरांसाठी रदबदली केली, ही आख्यायिका. कंपनीच्या फौजेतल्या या अधिकाऱ्याने १७९६ मध्ये मुंबईत 'शआर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार, हे सिनेगॉग उभारले, हा इतिहास. पहिली रंगवण्याच्या नादात आपण दुसऱ्याला साधा प्रश्नही विचारत नाही: ते त्याच काळात आणि मुंबईतच का उभे राहिले?

उत्तर नवसात नाही, शहराच्या वाढीत आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी काम बंद ठेवणारी ही 'शनवार तेली' मंडळी फौजेतल्या नोकरीसाठी, सुतारकाम-गवंडीकामासाठी मुंबईत येऊ लागली. यहुदी सामुदायिक उपासनेला परंपरेने किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. गावोगाव विखुरलेल्या कुटुंबांपेक्षा शहरातल्या वस्तीत ते जमणे सोपे. गावाच्या नावाला 'कर' जोडून आडनावे घेणारी ही माणसे मुंबईची पाहुणी नव्हती. मुंबई ज्यांनी घडवली त्यांतलीच ती होती.

आणि त्यांची भाषा? वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हग्गादा' १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू मजकुरासह मराठी भाषांतरात शिळाछापावर छापली गेली. 'यमुनापर्यटन' आले १८५७ मध्ये. अव्वल इंग्रजीतील मराठी मुद्रणाचा इतिहास शिकवताना आपल्यापैकी कितीजण या पुस्तकाचा नुसता उल्लेख तरी करतात? निस्सीम इझिकेल इंग्रजीच्या अभ्यासपत्रिकेत भेटतात, तेवढ्यावर आपले कर्तव्य संपते.

हे धार्मिक वाङ्मय आहे, तेही भाषांतरित, असे कोणी म्हणेल. मग फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' आपण कोणत्या निकषावर अभ्यासतो? बायबलमधील कथा ओवीत उतरली म्हणजे साहित्य, आणि उपासनेचा ग्रंथ मराठी गद्यात आला म्हणजे जातीजमातीचा दस्तऐवज, ही वाटणी केली कोणी?

औदार्याचे श्रेय घेणे सोपे असते. आपल्याच भाषेचा हा दुर्लक्षित भाग अभ्यासक्रमात आणायचा, तर आधी तो वाचावा लागेल. ते कष्ट टाळण्यासाठीच आश्रयाची गोष्ट इतकी सोयीची ठरली आहे.