कादंबरीतली डॉक्टरीण आणि खरी डॉक्टरीण

इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकथांमध्ये एक नायिका पुन्हा पुन्हा भेटते. एकोणिसावे शतक, अमेरिकेची पश्चिम सीमा, आणि पूर्वेकडच्या शहरात वैद्यक शिकून तिथे एकटीच आलेली तरुण डॉक्टर. बाईकडून नाडी तपासून घ्यायला गाव तयार नसते. मग साथ येते किंवा एखादी बाळंतीण अडते, गाव नमते आणि कुणी अबोल, रांगडा गडी तिच्यावर जीव लावतो. १९९३ ते १९९८ या काळात अमेरिकेत गाजलेल्या ‘डॉ. क्विन, मेडिसिन वुमन’ या मालिकेने हा साचा घरोघरी पोहोचवला.

या कथा मला आवडतात. बाईने शिकावे की संसार करावा, या जुन्या प्रश्नाला त्या ‘दोन्ही’ असे ठाम उत्तर देतात. पण त्यांतले काय खरे आणि काय सोयीचे, हे पाहायचे तर एका खऱ्या डॉक्टरणीकडे जायला हवे.

सुसान ला फ्लेश ही नेब्रास्कातल्या ओमाहा जमातीची मुलगी, जन्म १८६५चा. वारंवार निरोप धाडूनही गोरा डॉक्टर आला नाही आणि जमातीतली एक म्हातारी तळमळत गेली, हे तिने लहानपणी पाहिले होते. पुढे ती फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. आपल्या आनंदीबाई जोशी तिथूनच मार्च १८८६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. त्याच वर्षी सुसान आत आली. दोघींची चुकामूक काही महिन्यांचीच!

सुसानच्या आयुष्यातही प्रेम होते. पण शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या संस्थेची अट होती, की शिकताना आणि पुढे काही वर्षे लग्न करायचे नाही. तिने त्या तरुणाला नकार दिला. १८८९ मध्ये वर्गात पहिली येऊन ती अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतली पहिली पदवीधर स्त्री डॉक्टर झाली आणि घरी परतली. सुमारे बाराशे माणसांची जबाबदारी तिच्या एकटीवर पडली. घोड्यावरून, बग्गीतून, बर्फातून ती मैलोन्‌मैल हिंडली. १८९४ मध्ये तिने लग्न केले, दोन मुलगे झाले, तरी तिने काम सोडले नाही. दारूच्या धंद्याशी ती अखेरपर्यंत झुंजली. १९१३ मध्ये देणग्या जमवून तिने वॉल्टहिल येथे रुग्णालय उभारले. दोनच वर्षांनी ती गेली.

कादंबरीतली नायिका ‘सीमेवर’ येते. सुसान आपल्या घरी आली होती. फरक इथेच आहे. ज्यांची ती जमीन होती, त्यांच्या लेखी ती सीमा नव्हतीच. जमिनी गेल्या, शिकार संपली, क्षय आला, दारू आली. तिथले आजारपण कुणाच्या अडाणीपणातून नव्हे, तर या उलथापालथीतून आले होते. प्रेमकथेत मात्र सारा दोष गावाच्या हट्टी मनाकडे जातो, आणि मन वळले की कथा संपते.

म्हणूनच या कथांचा प्रश्न आज जुना झाला आहे. २०१९ पासून अमेरिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मुलींची संख्या निम्म्याहून अधिक आहे. बाई डॉक्टर गावाला चालेल का, हे आता कुणी विचारत नाही. गावाला डॉक्टर मिळेल का, हा खरा प्रश्न उरला आहे. मूळ रहिवाशांसाठीच्या सरकारी आरोग्य सेवेत डॉक्टर, परिचारिका यांच्या सरासरी २५ टक्के जागा रिकाम्या असल्याचे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये नोंदवले. ओमाहांना सेवा देणाऱ्या, शेजारच्या विनेबागोतील सरकारी रुग्णालयाची केंद्रीय मान्यता २०१५ मध्ये उपचारांतील त्रुटींमुळे काढून घेण्यात आली. २०१८ मध्ये विनेबागो जमातीने ते स्वतःच चालवायला घेतले. सुसानने शंभर वर्षांपूर्वी काढलेला मार्ग जवळपास हाच होता.

मेळघाट किंवा गडचिरोलीतल्या वाचकाला यात परके काही वाटणार नाही. आपणही आनंदीबाईंना कादंबरीतून, नाटकातून, चित्रपटातून डोक्यावर घेतले, आणि ते योग्यच झाले. मात्र पहिल्या डॉक्टरणीचे कौतुक करणाऱ्या समाजाने, शेवटच्या पाड्यावर आज रात्री कोण डॉक्टर हजर आहे, याचीही चौकशी करायला हवी. तेवढे केले, तर या प्रेमकथा खुशाल वाचाव्यात.