सहल महाग, म्हणून आजार लपवायचा?

नाताळच्या सुट्टीत मायामीच्या बंदरावर क्रूझमध्ये चढणाऱ्यांची रांग लांबलचक असते. हल्ली त्या रांगेत मराठीही कानावर पडते. न्यू जर्सीत नोकरी करणारा मुलगा, सून, दोन नातवंडे आणि सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेले आजी-आजोबा असा गोतावळा सात दिवसांच्या कॅरिबियन सफरीवर निघालेला असतो. बहामातले नसाऊ, मेक्सिकोचे कोझुमेल, जमैकाचा किनारा, सगळे आधीच ठरलेले. पैसेही काही महिन्यांपूर्वीच भरलेले. समजा, निघण्याच्या आदल्या रात्री हॉटेलात धाकट्याला दोनदा उलटी झाली. सकाळी तो पुन्हा बागडतो आहे. चढण्यापूर्वीच्या आरोग्यपत्रकात प्रश्न येतो : घरातल्या कुणाला उलटी किंवा जुलाब झाले आहेत का? बाप क्षणभर थांबतो, बायकोकडे बघतो आणि ‘नाही’वर खूण करतो.

हे कुटुंब उदाहरणापुरते घेतलेले आहे. मात्र त्यांच्या जागी किती जण ‘हो’वर खूण करतील, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारून पाहावा. क्रूझवरच्या आजारपणाची चर्चा नेहमी जहाजाची स्वच्छता, बुफेतले अन्न आणि कंपनीचा निष्काळजीपणा यांभोवती फिरते. त्या खुणेबद्दल फारसे कुणी बोलत नाही. साथ मात्र बऱ्याचदा तिथूनच जहाजावर चढते.

या साथींमागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस असतो. १९६८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावातील शाळेत उलट्यांची साथ आली. तिथल्या नमुन्यांत १९७२ मध्ये अल्बर्ट कपिकियन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू दिसला. गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत अचानक उलट्या, जुलाब, पोटात कळ सुरू होते आणि धडधाकट माणूस एक ते तीन दिवसांत बराही होतो. विषाणूचे अगदी थोडे, शंभराहूनही कमी कण आजारी पाडायला पुरतात. उलट आजारी माणसाच्या शरीरातून ते अब्जावधींनी बाहेर पडतात. बरे वाटू लागल्यावरही दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ ते विष्ठेतून पडत राहतात. म्हणजे सकाळी बागडणारा धाकटा आजारातून उठलेला असला, तरी इतरांसाठी तो अजून निर्धोक नसतो.

आता हा मुलगा कुठे चालला आहे ते पाहावे. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर जास्तीत जास्त सुमारे ७,६०० प्रवासी मावतात, शिवाय दोन हजारांहून अधिक कर्मचारी. एवढे लोक आठवडाभर तेच जिन्याचे कठडे, तीच लिफ्टची बटणे, तेच बुफेतले डाव हाताळतात. एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती एका इमारतीत कोंडावी, तसाच हा प्रकार. २०१४ च्या जानेवारीत न्यू जर्सीहून कॅरिबियनला निघालेल्या एका जहाजावर ६०० हून अधिक प्रवासी आजारी पडले आणि सफर दोन दिवस आधीच आटोपून जहाज परत फिरवावे लागले.

अशा बातम्यांमुळे क्रूझ बदनाम झाली आहे. ही बदनामी पुरती न्याय्य नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, जहाज-स्वच्छता कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे. परदेशी बंदरे करून अमेरिकेत येणाऱ्या जहाजांची निरीक्षक पूर्वसूचना न देता तपासणी करतात, शंभरपैकी गुण देतात आणि ८५ किंवा त्याहून कमी गुण पडले तर जहाज नापास ठरते. पोटाच्या आजाराचे किती रुग्ण निघाले, हे जहाजाला बंदरात शिरण्यापूर्वी कळवावे लागते. प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी तीन टक्के लोक आजारी पडले, की त्या जहाजाचे नाव जाहीर होते. २०२४ मध्ये अशा १८ साथी जाहीर झाल्या. त्यांतल्या १५ नोरोव्हायरसच्या होत्या. पण अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या सगळ्या साथींत जहाजांचा वाटा जेमतेम एक टक्का आहे. निम्म्याहून अधिक साथी वृद्धाश्रम आणि रुग्णालयांसारख्या ठिकाणी येतात. जहाज चर्चेत येते, कारण तिथे माणसे मोजली जातात आणि आकडा लोकांपुढे ठेवला जातो.

ही मोजणी फुकट गेलेली नाही. २००६ ते २०१९ या काळात जहाजांवरील प्रवाशांमधले पोटाच्या आजाराचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. म्हणूनच २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी आरोग्य खात्यात झालेल्या मोठ्या नोकरकपातीची कुऱ्हाड याच कार्यक्रमाच्या पूर्णवेळ कर्मचाऱ्यांवर पडली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. तपासण्या सुरूच राहतील, असे सरकारने सांगितले. तपासणीचा खर्च जहाज कंपन्यांच्या शुल्कातून निघतो, त्यामुळे या कपातीने करदात्याचे काय वाचले, हा प्रश्न उरतोच.

पण सर्वांत चोख निरीक्षकालाही प्रवाशाच्या पोटात डोकावता येत नाही. स्वयंपाकघरातले तापमान मोजता येते, तलावातले क्लोरीन मोजता येते, लंगोट लावलेल्या बाळांना सार्वजनिक तलावात उतरू न देण्याचा नियमही पाळून घेता येतो. आजार सांगायचा की नाही, हे मात्र आजारी माणसावरच अवलंबून असते. आणि आजची सगळी व्यवस्था त्याला गप्प बसायलाच शिकवते.

खरे बोलण्याची किंमत काय, ते पाहिले की हे कळते. रांगेत खरे सांगितले, तर चढू न देण्याची शक्यता. मग विमानाची तिकिटे वाया, भरलेल्या पैशांपैकी किती परत मिळतील याची खात्री नाही. जहाजावर खरे सांगितले, तर लक्षणे थांबल्यावर किमान एक दिवस खोलीतच राहण्याचा सल्ला. स्वस्तात घेतलेल्या आतल्या खोलीला खिडकीही नसते. बाहेर सूर्य, समुद्र आणि बाकीचे कुटुंब. वर डॉलरमधले डॉक्टरांचे बिल. समोर एवढे नुकसान दिसत असताना ‘काल बाहेरचे काहीतरी खाण्यात आले असेल’, असे स्वतःला समजावणे फार सोपे जाते. याला निव्वळ लबाडी म्हणून सोडून देता येणार नाही. प्रामाणिकपणाला दंड आणि लपवालपवीला समुद्रस्नान, अशी ही रचना आहे.

या गप्प बसण्याचा भुर्दंड दुसऱ्यांनाच पडतो. धाकटा दोन दिवसांत बरा होतो. तिसऱ्या दिवशी आजोबांना जुलाब सुरू होतात. त्यांचे वय सत्तरीपुढचे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. शरीरातले पाणी झपाट्याने कमी झाले, तर अशा माणसाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. जहाजावरचा दवाखाना सलाइन लावू शकतो, पण तो काही मोठे रुग्णालय नव्हे. बेटावरून विमानाने हलवावे लागले, तर हजारो डॉलर लागतात, आणि पाहुण्या आई-वडिलांसाठी काढलेल्या विम्यात जुन्या आजारांना अनेकदा मर्यादा असतात. दुसरा भुर्दंड कर्मचाऱ्यांना. खोल्या साफ करणारे, वाढणारे हात फिलिपिन्स, इंडोनेशिया, भारतातून आलेले असतात. गोव्यातली कितीतरी घरे या पगारावर उभी आहेत. प्रवाशाने लपवलेली उलटी शेवटी तेच पुसतात. आणि अन्न हाताळणारा कर्मचारी आजारी पडला, तर लक्षणे थांबल्यावर किमान ४८ तास त्याला वेगळे राहावेच लागते. त्याला नियम आहे, प्रवाशाला सल्ला.

उपाय कठीण नाही. चढण्यापूर्वी पोटाचा आजार सांगणाऱ्या कुटुंबाला पैसे न कापता पुढची तारीख मिळायला हवी आणि जहाजावर उलटी-जुलाबाची तपासणी मोफत हवी. काही कंपन्या अशी सोय करतातही. पण ती मेहेरबानी म्हणून नको. ती तिकिटावर ठळक छापलेली असावी, म्हणजे आरोग्यपत्रक हातात घेतलेल्या बापाला ती ठाऊक असेल. लोक खोटे आजार सांगून तारखा बदलतील, असा आक्षेप येईल. थोडे जण तसे करतीलही. त्यासाठी बंदरावर एक डॉक्टर बसवता येतो. सहाशे आजारी माणसांना घेऊन अर्ध्यातून परतणाऱ्या जहाजाच्या तुलनेत हा खर्च किरकोळच.

कंपन्या बदलेपर्यंत कुटुंबाच्या हातात काय आहे? पहिली गोष्ट साबण. करोनाकाळात सॅनिटायझरच्या बाटलीवर जो विश्वास बसला, तो इथे उपयोगी नाही. करोनाच्या विषाणूला स्निग्ध आवरण असते, अल्कोहोल ते मोडते. नोरोव्हायरसला ते आवरणच नाही; त्याच्या प्रथिनांच्या टणक कवचापुढे अल्कोहोल फारसे चालत नाही. साबण-पाण्याने २० सेकंद चोळून धुतले, की विषाणू हातावरून वाहून जातो, एवढा साधा हिशेब आहे. शौचानंतर आणि जेवणाला बसण्यापूर्वी, मुलांनी आणि मोठ्यांनीही. बुफेच्या दाराशी बाटलीतले दोन थेंब चोळणे म्हणजे हात धुणे नव्हे.

दुसरी गोष्ट, चिवडा-लाडवांच्या डब्याशेजारी जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, पाच-सहा पाकिटे ठेवावीत. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या याच द्रावणाने पटकीच्या रुग्णांचे मृत्यू कमी करून दाखवले होते; आलिशान जहाजावरही पहिला इलाज तोच आहे. तिसरी, आजी-आजोबांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे, की जुलाब सुरू झाले तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या. आणि चौथी, विमा काढताना आजारपणामुळे सफर रद्द झाली तर काय मिळेल, ती ओळ नीट वाचावी. ती ओळ भक्कम असली, की खरे सांगणे सोपे जाते.

प्रवासाला निघताना पोर आजारी पडले, तर घरातली वडीलधारी माणसे पूर्वी सहज म्हणत, ‘राहू दे, पुढच्या वर्षी जाऊ.’ तेव्हा बुडायचे ते एसटीचे तिकीट. आज पणाला लागलेली रक्कम मोठी आहे, त्यामुळे ते वाक्य ओठांवर येत नाही. ते पुन्हा परवडेल अशी सोय कंपन्यांनी करायला हवी. ती होईपर्यंत आरोग्यपत्रकावरच्या खुणेचा परिणाम कुणाला भोगावा लागेल, हे बघायला बापाला लांब जावे लागत नाही. त्याच रांगेत, त्याच्याच मागे, आजोबा उभे असतात.