लायसन झाले, पण गाडी देणार कोण?

शेतकरी बंधूंनो, शेतीच्या पानावर ट्रकची गोष्ट कशाला, असे तुम्ही म्हणाल. माझे काम भाताच्या रोपवाटिकेचे, आरटीओचे नव्हे. पण नाणे मावळात जा, पवन मावळात जा किंवा आंदर मावळात जा. भातावरील करप्याची बैठक लावली तरी अर्ध्या तासात कोणीतरी बाजूला घेऊन म्हणतोच, ''साहेब, पोराने हेवी लायसन काढलंय. कुठं चिकटवता येतंय का बघा की.''

ही मागणी वाढली याचे नवल नाही. धरणे झाली, २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण झाला, तळेगावला एमआयडीसी आली, उरलेल्या डोंगरउतारावर बंगले उठले. वाट्याला दीड-दोन एकर खाचर राहिलेल्या घरात एक पोरगं शेतीत आणि एक गाडीवर, असा हिशेब असतो. मग पोरगं लायसन काढतं. त्यासाठी हलक्या वाहनाचे लायसन वर्षभर जुने लागते, वय २० पूर्ण लागते, ड्रायव्हिंग स्कूलचे सर्टिफिकेट लागते. पैसा आणि दिवस दोन्ही जातात. एवढे करून कामशेतच्या नाहीतर तळेगावच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेले की पहिला प्रश्न, ''अनुभव किती?'' अनुभव नाही म्हणून गाडी नाही आणि गाडी नाही म्हणून अनुभव नाही.

पुढे काही पोरे किन्नर म्हणून लांबच्या लाईनवर जातात आणि चार-सहा महिन्यांत परत येतात. काही लोणावळ्यात पर्यटकांच्या गाड्या धरतात. शनिवार-रविवारचा धंदा, एरवी माशा मारायच्या. पण मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्या वाटेची. पोराला कोणी कामावर घेत नाही म्हणून बाप गुंठे विकतो आणि हप्त्यावर स्वतःचा ट्रक घेऊन देतो. हप्ता दर महिन्याला येतो, भाडे काही दर महिन्याला मिळत नाही. टायर, इन्शुरन्स, पासिंग, डिझेल यांचा हिशेब ज्याने कधी पाहिला नाही त्याच्या हाती एकदम लाखोंचे यंत्र पडते. वर्ष-दोन वर्षांत फायनान्सवाला गाडी ओढून नेतो. गाडी गेली आणि जमीनही गेली. बंधूंनो, ट्रक पुन्हा घेता येईल, भाताचे खाचर पुन्हा मिळणार नाही.

आता गाडीमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तो काही उगाच नाही म्हणत नाही. आपल्या दारात बोरघाट आहे. मैदानात आठाचा आकडा काढून लायसन मिळते, पण भरलेली गाडी खंडाळ्याहून खाली खोपोलीकडे उतरवणे हे वेगळे शिक्षण आहे. पावसाळ्यात धुके असे उतरते की पुढच्या गाडीचा दिवा दिसत नाही. जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे गाडी इंजिन धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा स्वतः मरतो आणि इतरांनाही मारतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका मालवाहू गाडीने ओळीने कितीतरी वाहने ठोकली. ती उतारावर न्यूट्रलमध्ये होती, असे तपासात पुढे आले. हे वाचलेला मालक नवख्याच्या हाती किल्ली देताना दहा वेळा विचार करणारच.

म्हणून माझे म्हणणे असे की पहिले वर्ष घाटाच्या वरच काढावे आणि ते काम गावानेच द्यावे. कामाला तोटा नाही. वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये इंद्रायणी भात आला, तो आज मावळभर आहे. दिवाळीच्या आगेमागे तो कामशेतच्या गिरण्यांवर जातो, त्यामागून पेंढा गोठ्यांवर जातो. जानेवारीअखेरपासून १४ फेब्रुवारीच्या बाजारासाठी पॉलिहाऊसमधील गुलाबाची धांदल असते. जूनमध्ये सोसायटीचे खत येते. भाजी पिंपरीला आणि गुलटेकडीला जाते. हा माल बहुतेक पिकअपमधून आणि छोट्या टेम्पोतून फिरतो आणि सुगीत त्यांना ड्रायव्हर मिळत नाही म्हणून आपण ओरडतो. त्याच वेळी लायसनवाला पोरगा पारावर बसलेला असतो!

इथे कायद्याची एक सोय ध्यानात घ्या. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की हलक्या वाहनाचे लायसन असणाऱ्याला एकूण वजन ७,५०० किलोंपेक्षा कमी असलेले मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे पिकअपसाठी हेवी लायसनची वाट पाहायला नको. मात्र २० वर्षांची अट मालवाहू गाडीला आहेच आणि मोठ्या ट्रकला त्याचे स्वतंत्र लायसन हवेच. ते नसलेल्याच्या हाती गाडी दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करू शकते. त्यात तुमचीच जमीन अडकेल.

गाडीवाल्या शेतकऱ्यांनी एवढे करावे. पहिल्या १५-२० खेपांना जाणता माणूस शेजारी बसवावा. पगार आधी ठरवावा आणि वहीत लिहावा. ''बघू पुढं'' असे सांगून पोराला राबवून घेणे बरे नव्हे. रात्रीची झोप मोडून त्याला पहाटे पुन्हा बाजाराला पिटाळू नये. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूकदारांसाठी दिवसाला आठ तासांचा नियम १९६१ च्या कायद्याने घातला होता. तो आपल्या एका पिकअपला लागू नसेल, पण डोळ्यावरची झोप एका गाडीला काय आणि पाच गाड्यांना काय, सारखीच. पोरांनीही खेपांची वही ठेवावी. तारीख, माल, ठिकाण आणि खाली मालकाची सही. पुढे ट्रान्सपोर्टवाल्याने अनुभव विचारला की हीच वही पुढे करायची.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना तर याहून सोपे आहे. पंचायतीची घंटागाडी असते, उन्हाळ्यात टँकर लागतो. त्यावर बाहेरचा माणूस नेमण्याआधी गावात कोणाकडे त्या गाडीचे लायसन आहे ते पाहावे. अशा पोरांची यादी करून सोसायटीत आणि गिरणीवर लावावी. नाव, लायसनचा प्रकार आणि मुदत, इतके पुरे. याला ना निधी लागतो ना वरची मंजुरी. मात्र यादी दसऱ्याआधी लागली पाहिजे. एकदा भाताची कापणी सुरू झाली, की कोणाला वाचायला सवड नसते आणि तोवर गाड्यांवर बाहेरगावचे ड्रायव्हर ठरूनही गेलेले असतात.