कॅमेरा पाहतो, पण व्हॉल्व्ह कोण बंद करणार?

चिक्कोडी, हुक्केरी, अथणी, निपाणी या पट्ट्यात उसाचे बिल आले की गावचा बाजार फुलतो. पूर्वी कारखाना म्हणजे साखर, एवढेच आपल्याला ठाऊक होते. आज त्याच आवारात डिस्टिलरी आणि इथेनॉलच्या मोठमोठ्या टाक्या आल्या आहेत. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे हा धंदा वाढला. चार पैसे मिळत असतील तर आमचा त्याला विरोध नाही. पण पैशाबरोबर आलेल्या धोक्याची चर्चा कोणी करीत नाही. विचारले की ठरलेले उत्तर मिळते : "सगळीकडे कॅमेरे बसवलेत, कंट्रोल रूममधून लक्ष असते."

हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही.

मुळात धोका काय आहे? शुद्ध अल्कोहोलची वाफ सुमारे १३ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते. आपल्याकडे थंडीतील पहाट सोडली तर तापमान त्याहून जास्तच असते. ही वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती जमिनीलगत पसरते. अशा जागी दुकानात लावतात तसला साधा कॅमेरा लावला, तर त्याच्या वायरीतील एक ठिणगीच घात करील. तेथे फ्लेमप्रूफ कॅमेरा लागतो. त्याच्या जाड धातूच्या पेटीत जाळ झाला तरी तो बाहेर पडेपर्यंत थंड होतो आणि बाहेरची वाफ पेटत नाही. शिवाय साध्या कॅमेऱ्याला वाफ दिसत नाही आणि अल्कोहोलची फिकी निळसर ज्वाला दिवसाउजेडी डोळ्यांनाही नीट दिसत नाही. म्हणून उष्णता टिपणारे कॅमेरे आणि वाफ ओळखणारी यंत्रे जोडीला हवीत.

आणि हे सर्व असले तरी पुढे काय? ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमध्ये बन्सफील्ड येथील तेलडेपोत टाकी भरून वाहू लागली. पेट्रोलच्या वाफेचे पांढरे धुके पसरताना कॅमेऱ्यांनी वीस मिनिटांहून अधिक काळ टिपले. सकाळी सहाच्या सुमारास स्फोट झाला. ते चित्रण पुढे चौकशीच्या कामी आले, स्फोट मात्र टळला नाही. आपल्या देशात २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरच्या तेलडेपोत तासाभराहून अधिक काळ पेट्रोल गळत राहिले. कंट्रोल रूममधून व्हॉल्व्ह बंद करण्याची सोय निकामी होती, असे चौकशीत दिसून आले. पाहणाऱ्याच्या हाती थांबवण्याचे साधन नसेल तर कॅमेरा हा केवळ साक्षीदार ठरतो.

हे दूरचे आहे असे कोणी म्हणू नये. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ डिसेंबर २०१८ मध्ये एका डिस्टिलरीच्या सांडपाणी विभागात स्फोट होऊन चार कामगार प्राणास मुकले. साखरेची धूळही निरुपद्रवी नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी धुळीच्या स्फोटाने चौदा कामगारांचा बळी घेतला.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. डिस्टिलरीतील प्रत्येक कॅमेऱ्याचे, दिव्याचे व मोटारीचे ज्वालाग्राही जागेत वापरण्याचे प्रमाणपत्र कामगारांना पाहायला मिळावे. कंट्रोल रूममध्ये प्रत्येक शिफ्टला प्रशिक्षित माणूस असावा आणि कोणाची परवानगी न घेता पंप व व्हॉल्व्ह बंद करण्याचा अधिकार त्याला असावा. लांबून बंद होणारे व्हॉल्व्ह ठरावीक मुदतीने कामगारांसमक्ष चालवून दाखवावेत. आणि कॅमेऱ्याचे तोंड टाकीकडे असावे. कोण किती वेळ चहाला गेला हे मोजण्यासाठी ही यंत्रणा नाही.

आणखी एक गोष्ट. या कारखान्यांत कन्नड, मराठी व हिंदी बोलणारे कामगार खांद्याला खांदा लावून काम करतात. भोंग्यानंतर लाउडस्पीकरवरून येणारी सूचना ज्याला कळली नाही, तो नेमका आगीकडे धावेल. म्हणून इशारा तिन्ही भाषांत द्यावा. येथे आम्ही भाषेचा वाद घालत नाही, जीव वाचवण्याची गोष्ट बोलतो आहोत.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांना व परिसरातील जनतेला देणे मालकावर बंधनकारक झाले. नव्या कामगार संहितेतही ते बंधन आहे. सहकारी कारखान्यांचे तर आपण स्वतःच सभासद आहोत. वार्षिक सभेत आपण उसाच्या दराचा प्रश्न विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. यंदा त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा : रात्री दोन वाजता पडद्यावर गळती दिसली, तर व्हॉल्व्ह कोण बंद करणार? उत्तरात माणसाचे नाव मिळेपर्यंत सभासदांनी खाली बसू नये.