शुल्कमाफी प्रवेशाच्या दिवशीच लागू व्हावी

प्रवेशाचा हंगाम सुरू होत आहे. भोरजवळच्या उत्रोलीतली एखादी मुलगी सीईटीत चांगले गुण मिळवते. धांगवडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात हवी ती शाखा मिळाली नाही, तर तिला पुणे गाठावे लागते. तिचे पुढचे शिक्षण मग आपल्यासारख्या महाविद्यालयांच्या कार्यालयाच्या खिडकीवर ठरते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पूर्वी ही सवलत ५० टक्के होती. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रवेश फेरीतून (कॅप) हवा. व्यवस्थापन कोट्याला ती नाही. हा फरक पालकांना आधीच सांगणे आपले कर्तव्य आहे.

शासनाकडून रक्कम येईपर्यंत संस्थेची ओढाताण होते, हे खरे. पण त्यासाठी पालकांना ‘आधी भरा, नंतर परत मिळेल’ असे सांगणे म्हणजे त्यांना सावकाराच्या दारात उभे करणे. पात्र मुलीकडून माफ झालेले शुल्क घेऊच नये. शासनानेही प्रतिपूर्तीचा मोठा हिस्सा पहिल्या सत्रातच द्यावा, ही आमची मागणी आहे.

तीन कामे मात्र आपल्याच हातात आहेत. कनिष्ठ महाविद्यालयांनी बारावीची परीक्षा संपताच उत्पन्नाचे, अधिवासाचे आणि लागू असल्यास नॉन-क्रीमी लेयरचे दाखले काढून घ्यावेत. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज प्रवेशावेळीच भरून घ्यावा आणि बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, ते तपासावे. महाविद्यालयाच्या लॉगिनवर एकही अर्ज पडून राहू नये.

शुल्क माफ झाले तरी राहण्या-जेवण्याचा खर्च उरतोच. त्यासाठी अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजना, तर अल्पभूधारकांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी निवास, श्रम आणि शिक्षण एकत्र बांधले, कारण गरिबाच्या मुलाचे शिक्षण जेवणाच्या ताटाशी अडते हे त्यांनी ओळखले होते. प्रत्येक महाविद्यालयाने या योजनांची माहिती देणारा एक जबाबदार माणूस नेमावा आणि त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक प्रवेश पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापावा.