चांदीच्या पाठीवरचं नाव कुठे गेलं?

चांदीचा भाव चढला की घरोघरच्या पेट्या उघडतात. जुने वाळे, तोडे, अत्तरदाण्या, कुंकवाचे करंडे सराफाकडे जातात, वजन होतं, घट धरली जाते आणि आटणीत सगळं एकच होऊन जातं. ज्याची त्याची गरज असते, त्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण मोडीत घालायच्या आधी दोन मिनिटं काढा. भिंग घ्या आणि दागिन्याची पाठ बघा. पुढची बाजू मिरवायला असते, हिशोब मागच्या बाजूला लिहिलेला असतो.

उदाहरण देतो. शंभरेक वर्षांपूर्वी मुंबई-पुण्यातल्या शिकलेल्या घरांत पदराला खांद्यावर ब्रोच लावायची पद्धत होती. आमच्या शेजारच्या काकूंकडे त्यांच्या आजेसासूबाईंचा असा एक चांदीचा ब्रोच आहे. एका पेढीवर त्याचं वजन करून "मोडच आहे ही" असं सांगितलं गेलं. भिंगातून पाठीवर चार बारीक ठसे दिसले. पहिला ‘सी. एच.’, म्हणजे चार्ल्स हॉर्नर, इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सचा कारखाना. दुसरा चालणारा सिंह, म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. तिसऱ्यात गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार. ही चेस्टर शहरातल्या तपासणी कचेरीची खूण. ती कचेरी १९६२ साली बंद झाली, म्हणजे दागिना त्यानंतरचा असूच शकत नाही. चौथा ठसा एका अक्षराचा, तो सालाचा. दर वर्षी अक्षर बदलायचं, अक्षरं संपली की वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तक्ता समोर ठेवला की साल मिळतं. काकूंचा ब्रोच पहिल्या महायुद्धाच्या आधीचा निघाला.

आता गंमत बघा. हा काही राजघराण्यातला दागिना नाही. हॉर्नरचा कारखाना यंत्रावर असे ब्रोच आणि टोपीच्या पिना ढिगाने काढायचा, साध्या नोकरदार घरातल्या बायकांना परवडतील अशा. त्या कारखान्यातल्या मालाचं आज नाव, गाव, साल, कस, सगळं सांगता येतं. आणि त्याच पेटीत शेजारी पडलेले काकूंचे पैंजण? कुणा कारागिराने हाताने कडी न् कडी जोडून घडवलेले, पण कुणी, कुठे, कधी, याची एक रेघही त्यांच्यावर नाही.

ही जादू तिकडे एका दिवसात झाली नाही. इंग्लंडमध्ये १३०० साली कायद्याने चांदीचा कस ठरला आणि तपासलेल्या मालावर बिबट्याचं तोंड उमटवायचं ठरलं. १३६३ साली प्रत्येक कारागिराने आपली स्वतःची खूण ठोकावी असा नियम झाला. १४७८ साली सालाचं अक्षर आलं. ते जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या सोयीसाठी आलेलं नाही, हे नीट समजून घ्या. कमअस्सल माल शिक्का घेऊन बाजारात आला, तर त्या साली तपासणीला कोण बसला होता हे कळावं आणि त्याची मानगूट धरता यावी, म्हणून ते आलं. लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये नेऊन शिक्का मारायचा, म्हणून ‘हॉलमार्क’. म्हणजे मुळात ही जबाबदारी निश्चित करायची पद्धत आहे. इतिहास फुकटात हाती लागला.

शिक्का नसेल तरी अंदाज बांधता येतो, तेही सांगतो. मागची पिन नुसत्या ‘सी’ आकाराच्या आकड्यात अडकत असेल आणि तिचं टोक ब्रोचच्या कडेबाहेर येत असेल, तर दागिना बहुधा एकोणिसाव्या शतकातला. फिरवून बंद होणारा आकडा असेल तर विसाव्या शतकातला. अर्थात पिन नंतर बदललेली असू शकते, म्हणून डाकाची जागा बघावी. ‘ई.पी.एन.एस.’ अशी अक्षरं असतील तर तो चांदीचा फक्त मुलामा आहे, खाली तांबं, जस्त आणि निकेलचा मिश्रधातू. आणि नुसतं ‘९२५’ असेल तर कस कळतो, कर्ता नाही.

आता आपल्याकडे वळू. परंपरा अगदीच नव्हती असं नाही. इंग्रजी अमलात सरकारी शिक्क्याची सोय नव्हती, पण कलकत्त्याची हॅमिल्टन कंपनी, मद्रासची पी. ऑर अँड सन्स आपापली नावं मालावर ठोकायच्या. भूजचे ओमरसी मावजी तर कारागीरच. त्यांचा ‘ओ. एम.’ हा ठसा असलेली भांडी आज जगभरच्या लिलावांत नावानिशी विकली जातात. त्याच काळात तितकंच सुबक काम करणारे आणखी कितीतरी हात असतील. पण ठसा नाही, म्हणून ते सगळे ‘कच्छ, कारागीर अज्ञात’ या एका ओळीत संपले.

आणि माझा खरा मुद्दा इथून पुढे. बीआयएसचं सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू झालं तेव्हा दागिन्यावर पाच खुणा असायच्या: बीआयएसचं चिन्ह, शुद्धता, तपासणी केंद्र, सराफाची खूण आणि सालाचं अक्षर. ‘ए’ म्हणजे २०००, ‘बी’ म्हणजे २००१. हुबेहूब तीच शहाणी पद्धत. २०१७ पासून सालाचं अक्षर गेलं. २०२१ मध्ये सोन्याला टप्प्याटप्प्याने सक्ती आली आणि त्याच वर्षी सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी आला, तेव्हा केंद्राची आणि सराफाची खूणही गेली. उरल्या तीन: चिन्ह, शुद्धता आणि एक सांकेतिक क्रमांक. चांदीलाही सप्टेंबर २०२५ पासून असाच क्रमांक आहे, पण हॉलमार्क घ्यायचा की नाही हे ऐच्छिकच.

एचयूआयडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. मोबाईलवर क्रमांक टाकला की सराफ कोण, केंद्र कुठलं हे लगेच दिसतं. आज फसवणूक पकडायला ते जुन्या अक्षरांपेक्षा सरस आहे, हे मान्यच करायला हवं. पण दागिना शंभर वर्षं टिकतो. ॲप किती टिकतं? दहा वर्षांपूर्वीच्या फोनमधले फोटो आपल्याला उघडता येत नाहीत, आणि नातवंडांना २१२५ साली आपल्या आजीच्या साखळीची माहिती सरकारी सर्व्हरवर मिळेल म्हणता? काकूंचा ब्रोच वाचायला वीज लागली नाही, नेटवर्क लागलं नाही. माहिती धातूतच होती.

शिवाय त्या पाच खुणांतही घडवणाऱ्याचं नाव नव्हतंच. खूण सराफाची, म्हणजे दुकानदाराची. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी अख्खं गाव चांदीवर उभं आहे. घराघरांत पैंजण, साखळ्या घडतात आणि देशभर जातात. गिऱ्हाईकाला मात्र हुपरीचं नावही कळत नाही. झवेरी बाजारातल्या माळ्यांवर दाटीवाटीने बसून काम करणाऱ्या बंगाली कारागिरांचंही तेच. मजुरी मिळाली, नाव दुकानाचं. कारागिराचं नाव कळलं तर गिऱ्हाईक थेट त्याच्याकडे जाईल, ही व्यापाऱ्याची भीती आहे. ती उघड बोलली जात नाही, एवढंच.

"जोडव्यावर एवढं सगळं कुठे मावणार?" असं कुणी विचारेल. इंग्लंडमध्ये ७.७८ ग्रॅमच्या आतल्या चांदीला हॉलमार्कची सक्ती नाही. आपणही वजनाची मर्यादा घालू शकतो. आणि तिकडे १९९९ पासून सालाचं अक्षर ऐच्छिक झालं हेही खरं. पण माल तपासायला पाठवणाऱ्याची खूण आणि कचेरीची खूण अजून सक्तीची आहे. आपण मात्र होतं तेही काढून टाकलं.

मागणी साधी आहे. चांदीला हॉलमार्क सक्तीचा करा, छोट्या कारागिरांना पुरेसा वेळ आणि तालुक्याला केंद्र द्या. एचयूआयडी ठेवा, पण त्याच्या जोडीला सालाचं एक अक्षर आणि घडवणाऱ्याची किंवा निदान गावाची खूण धातूवर उमटवा. आजकाल लेझरने ठसा उमटतो, एक अक्षर वाढवायला फारसा खर्च नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. नवीन चांदी घेताना पावतीवर वजन आणि टंच तर लिहून घ्याच, पण "हे घडवलं कुणी?" असंही विचारा. उत्तर मिळालं तर तेही पावतीवर लिहा. आणि जुनी मोडीत घालावीच लागली, तर आधी पाठीचा स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवा. भाव पुन्हा कधीही मिळेल, आटलेलं नाव मिळणार नाही.