मुंग्या, कुत्र्याचा डबा आणि पहिले शील

मागच्या रविवारी बुद्धविहारात वंदना आटोपली आणि चटया गुंडाळता गुंडाळता बायकांचे बोलणे मुंग्यांवर आले. पावसाच्या दिवसांत आमच्या वस्तीत हे दरवर्षीचेच. वारुळात पाणी शिरते आणि मुंग्या आपला संसार घेऊन माणसांच्या घरात येतात. एक भगिनी म्हणाल्या, "आमच्या डब्यांचे एक वेळ सोडा, पण कुत्र्याच्या खाण्याच्या डब्यात मुंग्या शिरल्या. अर्धा डबा टाकून द्यावा लागला." त्यावर त्यांचा चौथीतला मुलगा सर्वांदेखत बोलला, "आणि आईने मुंग्यांवर उकळते पाणी ओतले. आधी इथे येऊन पहिले शील घेतले, मग घरी जाऊन पाणी ओतले."

सगळ्या हसल्या, त्या भगिनीही हसल्या. पण पोराचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून आज या सदरात तोच घेतला आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेविषयी फार स्वच्छ सांगितले आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, हा भेद बुद्धाला अभिप्रेत होता, असे ते लिहितात. म्हणजे भाकरीत मुंगी आली म्हणून आईने उपाशी बसावे, असे धम्म सांगत नाही. पण आम्ही त्या मुलाला एवढेच म्हटले, की डब्याचे झाकण घट्ट असते तर पाणी ओतण्याची गरजच कशाला पडली असती? बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. त्यात कुत्राही आला आणि मुंगीही आली. (पुण्य लागावे म्हणून मुंग्यांच्या वारुळावर साखर-पीठ टाकत फिरणे, हा मात्र दुसराच प्रकार. त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.)

आता आमच्या म्हाताऱ्या बाया म्हणतील, कुत्र्याला डबा कशाला? पूर्वी उरलेली भाकरी आणि सुकटीची डोकी दाराशी टाकली की झाले. ते खरेच होते. पण आता मुले हट्टाने पिल्लू घरी आणतात आणि दुकानातून दाणेदार खाद्य येते. त्याचा किलोचा भाव तांदळापेक्षा कितीतरी जास्त. हे दाणे भाजून झाल्यावर कुत्र्याने आवडीने खावे म्हणून वरून चरबीचा हात दिलेला असतो. त्या चरबीचा वास आपल्याला जेमतेम येतो, मुंगीला लांबून येतो. एक मुंगी आधी शोधायला येते. तिला खाणे सापडले की परत जाताना ती पोटाच्या टोकाने जमिनीवर वासाची रेघ ओढत जाते. बाकीची रांग त्या रेघेवरून चालत येते. रांग झाडून टाकली तरी रेघ शिल्लक राहते, म्हणून तासाभराने पुन्हा तीच रांग तिथेच दिसते. केरसुणीने हे काम होत नाही. साबणाच्या पाण्याने फरशी आणि भिंत पुसावी, म्हणजे रेघच जाते. मग रांग ज्या फटीतून येते ती शोधून तीत ओला साबण दाबून भरावा. सवड मिळेल तेव्हा पांढऱ्या सिमेंटने ती फट कायमची बुजवावी.

डब्याचे सांगायचे तर, फिरकीचे झाकण घट्ट बसले म्हणून निर्धास्त राहू नये. लहान मुंगी आट्यांच्या वाटेने फिरत फिरत आत जाते. झाकणाखाली जाड प्लॅस्टिकचा कागद दुहेरी करून ठेवावा आणि मग झाकण आवळावे. खाद्य मूळ पिशवीसकट डब्यात ठेवले तर चरबी डब्याला लागत नाही. डबा बाहेरून पुसायला मात्र आपण विसरतो. कुत्र्याला घातलेल्या त्याच तेलकट हाताने झाकण लावले, की बाहेरच्या बाजूला मुंग्यांना आमंत्रण गेलेच. महिन्याचे एकदम आणण्यापेक्षा आठवड्यापुरते आणावे. कोंबड्या पाळणाऱ्यांनी कणी-कोंड्यालाही हेच करावे. मोठी कोंबडी मुंग्या टिपून खाईल, पण लाल मुंग्या नुकत्या निघालेल्या पिल्लांना सोडत नाहीत.

एवढे करूनही भीती असेल तर परातीत पाणी घालावे, मध्ये वीट ठेवावी आणि विटेवर डबा. पाण्यात साबणाचे चार थेंब टाकले तर मुंगीला पाण्यावरून तरंगत जाता येत नाही. डबा भिंतीला टेकू देऊ नये. परातीवर एखादी काडी किंवा सुतळी आडवी पडली तरी मुंग्यांचा पूल तयार होतो. आणि हे पाणी दर तीन-चार दिवसांनी ओतून परात घासावी. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. मुंग्या घालवायच्या आणि घरात ताप आणायचा, असे होऊ नये.

डब्यात मुंग्या शिरल्याच, तर कोरडे खाणे लगेच टाकू नका. ते ताटात पसरून अर्धा तास उन्हात ठेवावे, मधून मधून ताट ठोकावे. मुंग्या आपणच निघून जातात. जास्त वेळ ठेवले तर चरबी खवट होते. ओले कालवलेले खाणे मात्र टाकावेच लागते.

आता विषाचे. दुकानात मिळणारा मुंग्यांचा खडू स्वस्त आहे आणि पुष्कळ घरांत आहे. आमच्या शेजारच्या खोलीत कुत्र्याच्या ताटलीभोवती याच खडूने गोल ओढला होता. कुत्र्याला काही झाले नाही. पण त्या घरातले मांजर तिथून येता-जाता पंजे चाटत राहिले. संध्याकाळी त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले. घरच्यांनी टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेले म्हणून ते वाचले. त्या खडूतले विष मांजराच्या शरीराला पचवता येत नाही. रांगणारे मूल तर खडू म्हणून तोंडातच घालते. डांबरगोळ्याही कुत्र्याच्या खाण्याजवळ ठेवू नयेत, कुत्र्याने गिळल्या तर जिवावर बेतते. जुन्या घरांत माळ्यावर पांढऱ्या बीएचसी भुकटीचे डबे अजून सापडतात. ती भुकटी १९९७ सालीच बंद झाली आहे. असा डबा मिळाला तर तो उघडू नये आणि नाल्यात रिकामा करू नये. बांधून मुलांपासून दूर ठेवावा आणि नगरपालिकेच्या आरोग्य खात्याला कळवावे. हळदीची रेघ त्यापेक्षा बरी, पण वारा आला किंवा फरशी पुसली की ती गेली.

आता त्या मुलाच्या घरची खबर. या रविवारी त्याने मोठ्या थाळीत पाणी घालून मधोमध कुत्र्याची ताटली ठेवली होती. कुत्र्याने आधी थाळीतले पाणी पिऊन टाकले आणि मग जेवायला बसला. म्हणून सांगतो, ताटलीखालच्या पाण्यात साबण घालू नका, तो फक्त डब्याखालच्या परातीत. आणि कुत्र्याचे खाणे झाले की वीस मिनिटांत ताटली उचलून धुवा.